कील्डरच्या तळ्याकाठी दोन दिवस: आई-बाबांना घेऊन नक्की काय बघावं?

अबोली_टाइन

नमस्कार मंडळी. न्यूकासलला येऊन दीड वर्ष झालं आणि आई-बाबा पहिल्यांदाच आलेत, दोन महिन्यांसाठी. एडिनबरा झालं, लेक डिस्ट्रिक्ट झालं, सासूबाईंनी सांगितलेले सगळे मॉलपण झाले. आता ऑगस्टच्या शेवटच्या वीकेंडला कील्डरला, म्हणजे नॉर्थम्बरलंडमधल्या धरणाच्या तळ्यावर, जायचं ठरतंय, एक रात्र मुक्काम. तळ्याभोवती जंगलातून वाट आहे आणि वाटेत जागोजागी शिल्पं, विचित्र छोट्या इमारती, आरसे वगैरे ठेवलेत असं ऑफिसातल्या एकीने सांगितलं.

अडचण अशी की नवऱ्याने एक्सेल शीट बनवलीय, त्यात वीसच्या वर कलाकृती, प्रत्येकीपुढे वेळ, आणि त्याला त्या सगळ्या दोन दिवसांत टिक करायच्यात. आई ६४ ची, गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर तासभर मजेत चालते पण चढ आला की दगड शोधून बसते. मुलगा ९ वर्षांचा, त्याला "आर्ट" म्हटलं की जांभया येतात. आणि बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. ते कालपासून म्हणतायत, "जन्मभर धरणं बघितली, आता विमानात बसून इथवर आलो तर इथेपण धरणच दाखवतेस होय गं?"

तर ज्यांनी बघितलंय त्यांनी प्लीज सांगा, काय घ्यायचं, काय सोडायचं? आणि ते स्कायस्पेस का काय ते, छताला भोक असलेली खोली, त्यासाठी खरंच चढ चढून जायचं का?

रानभूल

अबोली, आधी ती शीट डिलीट कर :) आम्ही दरवर्षी एकदा तरी जातो. पहिल्या वर्षी आम्हीपण अष्टविनायकासारखं केलं होतं, गाडीतून उतर, फोटो काढ, परत बस, पुढचा गणपती. संध्याकाळी घरी आल्यावर कुठली वस्तू कुठे होती तेच आठवेना.

नकाशा आधी डोक्यात बसव, मग बाकीचं आपोआप ठरतं. तळं लांबोडकं आहे. दक्षिणेच्या काठाने डांबरी रस्ता जातो, टॉवर नोल, लीपलिश आणि शेवटी कील्डर गाव, हे सगळं त्याच बाजूला. उत्तरेच्या काठाला गाडीरस्ताच नाही, तिथे चालत नाहीतर सायकलने. पूर्ण चक्कर म्हणजे लेकसाइड वे, २६ मैल, आपले ४२ किलोमीटर. वाट खडी दाबून केलेली, रुंद, बाबागाडी आणि व्हीलचेअरपण बऱ्याच ठिकाणी जाते, त्यामुळे आईंना पायाखालची काळजी नको. फक्त मधे मधे चढउतार आहेत ते लक्षात ठेव.

मी असेन तर पहिल्या दिवशी एकच करीन, वेव्ह चेंबर. धरणाच्या भिंतीवरून पलीकडे गेलीस की हॉकहोपचा कार पार्क लागतो, तिथे गाडी लाव आणि बेलिंग नावाचं एक टोक पाण्यात घुसलंय तिकडे चालत जा, रमतगमत गेलं तरी पाऊण तास. तिथे दगडाचं एक घुमट दिसेल, चुना नाही सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड रचलेले, मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यासारखा आकार. क्रिस ड्ररी नावाच्या कलाकाराने १९९६ मधे केलंय. बाहेरून बघून मुलगा म्हणेल "बास, एवढंच?" म्हणू दे. आत जायचं आणि दार लावून घ्यायचं. दार लावणं महत्त्वाचं, अर्धे लोक उघडंच ठेवतात आणि काही दिसलं नाही म्हणत बाहेर येतात!

सुरुवातीला मिट्ट काळोख. एक-दोन मिनिटांनी पायाखालची जमीन हलायला लागते. म्हणजे खरंच तसं वाटतं, मी पहिल्यांदा भिंत धरली होती. वर डोक्याशी एक आरसा आणि भिंग बसवलंय, ते बाहेरच्या तळ्यावरचा उजेड उचलून आत जमिनीवर टाकतं. शाळेत खोक्याला भोक पाडून पिनहोल कॅमेरा करायचो ना, तेच, फक्त आपण खोक्याच्या आत. लाटा येतात, फुटतात, पसरतात, आणि बाहेरून पाण्याचा आवाज येत असतो तो बरोब्बर जुळतो. ऊन आणि वारा दोन्ही असेल त्या दिवशी जा, ढगाळ असेल तर नुसता करडा धूर दिसतो.

सायकलवाला_लीड्स

रानभूल यांच्याशी सहमत पण उत्तर काठ अगदीच सोडू नका हो. मी अख्खी चक्कर सायकलवर मारलीय, कागदावर ४२ किमी म्हणजे काय मोठंसं, कात्रज-सिंहगड करणाऱ्याला पाणी कम चाय, असं वाटलं होतं पण तिथली वाट प्रत्येक ओढ्यापाशी आत वळते परत बाहेर येते परत आत, समोरचं टोक हाताच्या अंतरावर दिसतं आणि पोचायला अर्धा तास, त्यात माझी ट्यूब बसली बरोब्बर उत्तर काठाच्या मध्यावर, फोनला रेंज शून्य, स्पेअर ट्यूब होती पण पंप घरी विसरलेलो. सव्वा तास सायकल ढकलत चाललो आणि त्यामुळेच सिल्वास कॅपिटालिस नीट बघितलं, नाहीतर सुसाट पुढे गेलो असतो.

हे एक अवाढव्य लाकडी डोकं आहे. माणसाचं. झाडीतून वळण घेतलं की एकदम समोर, तोंड उघडं. त्या तोंडातूनच आत शिरायचं, आत जिना आहे, वर गेलं की त्याच्या डोळ्यांतून बाहेर बघायचं. २००९ मधे सिमपार्क नावाच्या अमेरिकन ग्रुपने लार्चच्या लाकडाचे हजारो तुकडे वेगवेगळे कापून रचलंय. गंमत म्हणजे ते जंगलात काय चाललंय ते ऐकतंय अशी त्यामागची कल्पना. मी जिन्यात बसून केळं खाल्लं, वरून पावसाची टपटप, आणि कानाच्या भोकातून वारा. तुमच्या नऊ वर्षांच्या साहेबांना वेव्ह चेंबरपेक्षा हेच आवडेल, लिहून देतो.

बेल्व्हेडेरपण त्याच काठाला. फेरीबोटीची वाट बघायला आडोसा म्हणून १९९९ मधे बांधलेला, बाहेरून सगळा आरशासारखा चकचकीत स्टील, झाडं त्यातच दिसतात म्हणून जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. आत मात्र सोनेरी गोल खोली, वरून पिवळा उजेड. बस स्टॉपच्या शेडला आर्किटेक्चरचं बक्षीस, २००० सालचं स्टीफन लॉरेन्स प्राइझ, आपल्याकडे शेडला पत्रा मिळाला तरी पुरे!

बाय द वे दर ऑक्टोबरमधे या वाटेवर मॅरेथॉन होते, २०१० पासून, धावपटू स्टीव्ह क्रॅमने सुरू केलेली. ४२ किमीची चक्कर आयतीच मिळाली त्याला.

खडूस_काका

सगळे इतकं गोड बोलतायत म्हणून थोडं मीठ टाकतो.

जंगल जंगल म्हणताय ते जंगल नाही, शेती आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना लाकडाची टंचाई भासली, मग सरकारने फॉरेस्ट्री कमिशन काढलं आणि कील्डरला १९२६ पासून लागवड सुरू केली. बहुतेक सगळा सिटका स्प्रूस, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं झाड. उसासारखं ओळीत लावायचं, चाळीसेक वर्षांनी सपाट कापायचं. तुम्ही जाल तेव्हा एखादा डोंगर नुकताच तासलेला असेल, नुसती खोडं आणि चिखल, तेव्हा "अरेरे, काय हे" म्हणू नका, तीच तिथली सुगी. त्यात २०२१ च्या नोव्हेंबरात आर्वेन वादळाने लाखो झाडं आडवी केली, ती सगळी एकाच वयाची आणि उथळ मुळांची, पत्त्यासारखी पडली.

तळं मानवनिर्मित, जंगल मानवनिर्मित, आणि त्यात मन रमावं म्हणून ठेवलेले स्टीलचे डबे पण मानवनिर्मित. मला विचाराल तर लेक डिस्ट्रिक्टच बरं.

आणि मिजेसबद्दल कोणीच कसं बोललं नाही अजून? आमच्या कोकणातली केमरं माहितीयत ना, तीच, पण झुंडीने. वारा पडला, ढगाळ झालं, संध्याकाळ झाली की कानात, नाकात, केसांत. मी चहाचा कप तोंडापर्यंत नेईपर्यंत त्यात सहा. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी मिळते, ती घ्या, लाजू नका, तिथे सगळेच मधमाश्या पाळणाऱ्यासारखे दिसतात.

रानभूल

काका, मिजेसचं शंभर टक्के खरं, ते राहिलंच माझ्याकडून.

पण "सगळंच मानवनिर्मित" हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत, मला तर तीच त्या जागेची गंमत वाटते. लेक डिस्ट्रिक्टला असला आरशाचा डबा ठेवला असता तर मीच आधी ओरडले असते. इथे डोंगराला कोणी हात लावला नाही असं ढोंगच नाही. बाकी त्या स्प्रूसचा एक फायदा बघा, त्याचं बी बारीक असतं, ते खाऊन अमेरिकेतून आलेल्या करड्या खारींचं पोट भरत नाही, लाल खारींचं भरतं. म्हणून इंग्लंडमधे उरलेल्या लाल खारींपैकी निम्म्याच्या आसपास इथे आहेत. शेकरूएवढी मोठी नाही हं अबोली, मुलाला आधीच सांगून ठेव, मूठभर असते, कानांवर झिपऱ्या.

उजनीकर

इथे राहतो मिडल्सब्रोला, गाव इंदापूर तालुक्यात. मला कील्डरला गेल्यावर आर्ट वगैरे काही दिसलं नाही, मला पाणी दिसलं आणि पाण्याखालचं आठवलं.

१९७५ ते १९८१ मधे धरण बांधलं, १९८२ ला राणीने उद्घाटन केलं. त्याआधी तिथे दरी होती, शेतं होती, घरं होती, शाळा होती, रेल्वे होती. रेल्वेच्या प्रवासी गाड्या तशा १९५६ लाच बंद पडल्या होत्या पण तिचा मार्ग गेला पाण्यात. वरच्या टोकाला बेकथिनपाशी तिचा जुना दगडी पूल अजून उभाय, १८६२ चा, सात कमानी, वर किल्ल्यासारखा दातेरी कठडा, आता त्यावरून गाडी जात नाही, माणसं जातात. आमच्याकडे पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात इथे आमचा वाडा होता, इथे विहीर. त्या पुलावर उभा राहून मला तेच वाटलं, फक्त बोट दाखवून सांगणारं कोणी नव्हतं. तुमचे बाबा पाटबंधाऱ्यातले आहेत तर त्यांना आधी या पुलावर न्या, मग बाकीची शिल्पं.

आणखी एक. हे पाणी खरं तर आमच्या इकडच्या, टीसाइडच्या पोलाद आणि केमिकल कारखान्यांसाठी साठवलं होतं. बोगद्यातून टाइन नदीचं पाणी टीज नदीपर्यंत आणायची सोयपण केली. धरण होईपर्यंत कारखान्यांनाच उतरती कळा लागली. दरी गेली ती गेलीच.

आणि हो, कैकर! उजनीला हिवाळ्यात मासे मारायला येतो तो, इथे ऑस्प्रे म्हणतात. २००९ पासून कील्डरला परत घरटी करायला लागलाय. हे पक्षी थंडीत पश्चिम आफ्रिकेत जातात त्यामुळे आपल्या उजनीतला तो नव्हे, पण बघून बरं वाटलं, गाववाला भेटल्यासारखं.

अबोली_टाइन

बापरे, किती छान लिहिलंय सगळ्यांनी. उजनीकरदादा, तुमचं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला आणि मग विचारलं, "टीएमसी किती?" आता हे मी कुठून सांगू. कोणाला माहितीय का?

सायकलवाला_लीड्स

२०० अब्ज लिटर असं सगळीकडे लिहिलंय. एक टीएमसी म्हणजे साधारण २८ अब्ज लिटर, भागाकार केला तर सात टीएमसी. साठवणीच्या हिशोबाने हे यूकेतलं सगळ्यात मोठं मानवनिर्मित तळं बरं का.

अबोली_टाइन

बाबांचं उत्तर जसंच्या तसं: "सात? अगं पानशेत साडेदहाचं आहे. कोयना एकशे पाच." आणि तेव्हापासून ते कमालीचे खूश आहेत. आता स्वतःच विचारतायत कधी निघायचं.

खडूस_काका

वीज किती तेही सांगा त्यांना, ६ मेगावॅट. आणि हे इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं जलविद्युत केंद्र. कोयनेचे १९६० मेगावॅट ऐकून त्यांना रात्रभर झोप लागेल शांत.

शेवंती_डरहम

स्कायस्पेसचं कोणीच नीट सांगितलं नाही म्हणून मी लिहिते. कील्डर गावातून वर कॅट केर्न म्हणून खडकाळ जागा आहे, जंगलातला रस्ता, साधारण दीड मैल आणि बराचसा चढ. आईंच्या गुडघ्यांना झेपेल का ते तू बघ, माझ्या सासूबाईंनी तीनदा थांबून केलं आणि वर पोचल्यावर पहिला प्रश्न "देऊळ कुठाय?" :) खरं तर तसं वाटतंच. जमिनीत अर्धी पुरलेली गोल खोली, बोगद्यातून आत जायचं, भिंतीला टेकून गोल बाक आणि छताच्या मध्ये तीन मीटरचं गोल भोक. बास. जेम्स टरेलने २००० साली केलंय.

दुपारी गेलात तर नुसती खोली आणि भोक, तू म्हणतेस तसं. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जाऊन बसा, ऑगस्टच्या शेवटी सूर्यास्त सव्वाआठच्या सुमाराला असतो. बाहेरचा उजेड कमी होतो तसा आत भिंतीवर मंद दिवा लागतो, आणि मग वरचं आकाश हळूहळू पुढे सरकायला लागतं, खोली राहत नाही त्याला. एखादी निळी थाळी छताला चिकटवल्यासारखी, हात लावता येईल असं वाटतं. मग निळा गडद, मग शाईसारखा, आणि त्याच क्षणी बाहेर येऊन बघितलं तर आकाश अजून बरंच उजळ. डोळे किती फसवतात आपल्याला! आम्ही पाचजण होतो, चाळीस मिनिटं कोणी फोन काढला नाही, माझा नवरा धरून.

उतरताना टॉर्च हवा. हेडटॉर्च असेल तर उत्तम, मोबाइलच्या उजेडात खड्डे कळत नाहीत. २०१३ पासून तो सगळा भाग डार्क स्काय पार्क आहे, अंधार म्हणजे काय ते तिथे कळतं. वेधशाळापण त्याच डोंगरावर आहे पण तिथे आधी बुकिंग लागतं, ऐन वेळी मिळत नाही.

मुलासाठी गावात कील्डर कासलच्या शेजारीच मिनोटॉर मेझ आहे, जाळीच्या पेट्यांत काळा दगड भरून केलेल्या भिंती आणि मधोमध काचेच्या तुकड्यांची खोली. त्याला तिथे सोडा आणि तुम्ही चहा प्या. दक्षिण काठाला गोल फिरणाऱ्या प्रचंड खुर्च्या आहेत, जेनस चेअर्स, अख्खं कुटुंब एकीत बसतं, आईंना तिथे हलवणं कठीण जाईल.

रानभूल

पेट्रोल भरून जा. वाटेतलं शेवटचं बरंसं गाव म्हणजे बेलिंगहॅम, उच्चार मात्र "बेलिंजम", मी वर्षभर चुकीचं म्हणत होते आणि कोणी सुधारलं नाही. डबा घेऊनच जा, पोळीभाजी वगैरे, आयत्या वेळी कॅफे बंद असतात.

अबोली_टाइन

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, आई-बाबांची परतीची पॅकिंग चाललीय.

शीटमधल्या वीसपैकी पाच झाल्या. नवरा पहिल्या दिवशी दुपारपर्यंत जरा फुरंगटलेला होता, मग जेनस चेअरमधे झोपला. खरंच झोपला, घोरत होता, एक इंग्लिश आजी-आजोबा येऊन हळूच त्याच्या शेजारी बसले आणि त्यांनी खुर्ची तळ्याकडे फिरवून घेतली तरी हा जागा झाला नाही.

सिल्वास राहिलं, उत्तर काठाला तेवढं चालणं जमलं नसतं, चिरंजीवांना त्याचा राग आहे. मेझमधे तो तीनदा गेला. जाळ्या चार नेल्या होत्या, आईने घालायला साफ नकार दिला, "नवरी दिसते मी", आणि दहा मिनिटांत मागून घेतली. स्कायस्पेसला ती आली नाही, गावात गाडीत बसून राहिली, आणि आम्ही खाली आलो तर म्हणते इथून पण आकाश दिसत होतं की. काय बोलणार.

बाबा पुलावर गेले, कमानी मोजल्या, दगडाचे सांधे हाताने चाचपले. धरणाच्या भिंतीवर पावलं टाकून लांबी मोजायला लागले, ११४० मीटर आहे असं सांगितलं तरी थांबले नाहीत. आणि वेव्ह चेंबर. आम्ही सगळे आत गेलो, दार लावलं, मुलगा "काही नाहीये, काही नाहीये" करत होता आणि मग एकदम गप्प झाला. ऊन चांगलं होतं. जमिनीवर लाटा यायला लागल्या. थोड्या वेळाने आम्ही बाहेर आलो, बाबा आलेच नाहीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आई म्हणाली बघ जरा, पडले-बिडले असतील. मी दार किलकिलं केलं तर आतून आवाज, "दार लाव गं, पाणी जातंय."